लेखनसीमा

पत्र हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, याचा निकाल आपल्या टीकेने कधी नीटसा लावलेला नाही. कथा, कविता, नाटक यांच्या पंक्तीला पत्राचे पान मांडायचे आणि वाढताना ते वगळायचे, अशी आपली रीत आहे. जी. ए. कुलकर्ण्यांची पत्रे खंडाखंडांनी निघाली, सुनीताबाई देशपांड्यांचे ‘प्रिय जी. ए.’ निघाले, साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ दोनतीन पिढ्यांनी वाचली. तरी पत्राची म्हणून काही निराळी कसोटी असावी, असे आपल्याला वाटले नाही. बहुधा तशी गरजच भासली नाही. पत्र कोणाचे, हे खालची सही सांगत असे. आणि पत्र खरे की वरवरचे, हे ज्याला आले त्याला उमजत असे. टीकाकाराला मध्ये पडण्याचे कारण नव्हते.

आता ते उत्पन्न झाले आहे. आपल्या खिशातल्या फोनमध्ये जो यांत्रिक साहाय्यक येऊन बसला आहे (कृत्रिम बुद्धिमत्ता असे त्याचे भारदस्त नाव), तो प्रथम शब्द सुचवीत असे. मग वाक्ये सुचवू लागला. आणि आता, परवानगी दिली तर, आपल्या नावाने आपल्या ओळखीच्या माणसांना परस्पर संदेश पाठवू शकतो. आलेला मजकूर तो वाचतो, मागचे संदेश चाळतो, आपली लकब उचलतो आणि उत्तर रवाना करतो. पलीकडच्या माणसाला नाव दिसते ते आपले. या सोयीची चर्चा होते ती वेळ किती वाचला आणि खासगी माहिती कितपत सुरक्षित राहिली, एवढ्यापुरतीच. माझा प्रश्न निराळा आहे. जे रवाना झाले ते पत्र आहे काय? असल्यास ते कोणाचे?

यंत्राच्या मराठीला हसण्याचा माझा बेत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते मराठी आता बरे असते. पुष्कळदा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मराठीपेक्षा बरे असते. ‘तीर्थरूप’ आपल्या जन्मदात्यांना आणि ‘तीर्थस्वरूप’ इतर वडीलधाऱ्यांना, हा भेद ते कधी चुकते. पण तो माझा पुतण्याही चुकतो आणि त्याला मी यंत्र म्हणत नाही. शिवाय दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेणे यातही काही नवे नाही. मी स्वतः ते यंत्र होतो, म्हणून सांगतो.

माझे वडील तळोदा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता. तो १९९८ साली झाला. आम्ही धुळे जिल्ह्यातले. दिवाळी सरली की पाड्यापाड्यांतून माणसे ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला, जात, आजही जातात. मागे म्हातारी माणसे आणि काही लेकरे राहत. पत्र लिहायचे झाले की ती मास्तरांच्या घरी येत, आणि मास्तर बाहेर असले की लेखणी माझ्या हाती येई. १९७० च्या हिवाळ्यातली गोष्ट. मी सातवीत होतो आणि पत्राचा मायना मला तोंडपाठ होता. एक म्हातारी आली. मुलगा आणि सून तोडीवर गेलेली, नातू तिच्याजवळ. ती बोलत होती भिलोरी. मी लिहीत होतो शाळेतली मराठी. ती म्हणाली, ‘पोऱ्या’. मी लिहिले, ‘चिरंजीव यास अनेक आशीर्वाद’. ती म्हणाली, पोरगं रात्री तुमच्या गोधडीत निजतं, दुसरी दिली तर रडतं. हे वाक्य मला पत्रात घालण्याजोगे वाटले नाही. मी लिहिले, ‘बाळ खुशाल आहे’.

मग ती म्हणाली, वाच.

मी वाचले. तिला माझे निम्मे शब्द कळले नसतील. पण तिने ओळीओळीला बोट दुमडले होते, आणि वाचून झाल्यावर एक बोट उरले. ‘गोधडी कुठं गेली?’ तिने विचारले. पोस्टकार्डावर जागा उरली नव्हती. कडेला, आडवे, बारीक अक्षरात मला गोधडी लिहावी लागली. मग तिने कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि अंगठा लावला. कार्डावर अंगठा लागत नाही, असे मी तिला सांगितले होते. तिने तो लावलाच.

महिन्याभराने उत्तर आले. तेही कुणा लेखनिकाचेच; मुकादमाचा कोणी माणूस असावा. ‘तीर्थरूप मातोश्रीस सा. न. वि. वि.’ असे मी मोठ्याने वाचले, तेव्हा म्हातारीने विचारले, ‘हे कोण?’ तिला तर मुलगा ‘याहा’ म्हणे. बाकी मजकूर खुशालीचा होता, माझ्याच मजकुरासारखा गुळगुळीत. शेवटी मात्र, ‘कळावे’ लिहून झाल्यावर, एक ओळ होती: ‘गोधडी धुवू नये.’

या व्यवहारात दोन्ही टोकांना एकेक लेखनिक होता, दोघेही परक्या भाषेत लिहिणारे, दोघेही मजकूर बिघडविणारे. तरीही ते पत्र होते, आणि माझ्या संग्रहातल्या कित्येक नामवंतांच्या पत्रांपेक्षा अधिक पत्र होते. म्हणून ‘दुसऱ्याने लिहिले म्हणून खोटे’ ही कसोटी टिकणारी नाही. यंत्राच्या विरुद्ध ती घेऊन उभे राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्याला लिहिता येत नाही, ज्याचा हात कापतो, ज्याच्या घरची बोली आणि शाळेतली भाषा एक नाही, अशा माणसाला बोललेले लिहून देणारा साहाय्यक मिळाला तर त्याचे मी स्वागतच करीन. अक्कलकुवा-धडगावकडची जी मुले आज सुरतेला कामाला आहेत, त्यांना असा लेखनिक कमीपणा देणारा नाही.

मग फरक कोठे पडतो? माझ्या मते, ‘वाच’ या एका शब्दापाशी.

आपल्या जुन्या पत्रव्यवहाराकडे पाहिले तर हीच गोष्ट दिसते. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रे बहुतांशी कारकुनांच्या हातची आहेत. म्हणून ती कारकुनांची होत नाहीत. शिवाजी महाराजांच्या पत्राच्या मस्तकी मुद्रा असे आणि मजकूर संपला तेथे मोर्तब असे. त्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे. मोर्तबाखाली कोणाला एक अक्षर वाढविता येऊ नये, ही त्यातली व्यवस्था. ‘बहुत काय लिहिणे’ म्हणायचे, ‘लेखनसीमा’ लिहायची, आणि मग मोर्तब. मजकूर लेखनिकाचा असेल, सीमा धन्याची. बाळाजी आवजी चिटणिसांची आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायचे राहून गेले. विचारणा होताच बाळाजींनी कोरा कागद पुढे धरून सगळे पत्र घडाघडा वाचून दाखविले. आपण ही गोष्ट चिटणिसाच्या अलौकिक बुद्धीची म्हणून सांगतो. मला तीत दुसरेच महत्त्वाचे वाटते. असा चिटणीस पदरी असतानाही महाराजांनी पत्र वाचून घेतले! धन्याच्या मनातले न लिहिता वाचून दाखवू शकणारा माणूस, आणि तरी त्याचे ऐकल्याशिवाय पत्र जायचे नाही.

आमच्याच बाजूचे आणखी एक उदाहरण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी-रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, आणि धुळे हे त्या जिल्ह्याचे ठाणे. गुरुजींसारखा ओसंडून लिहिणारा लेखनिक, ज्याच्या स्वतःच्या शैलीचा पूर कोणालाही वाहून नेईल. तरी ‘गीता-प्रवचने’ विनोबांची आहेत आणि ती विनोबांचीच वाटतात. बोलणारा समोर बसलेला होता, ही एक गोष्ट. आणि लिहिणारा स्वतःला बाजूला ठेवून ऐकत होता, ही दुसरी. पहिलीवाचून दुसरीला अर्थ नाही.

येथे एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती आम्हा टीकाकारांनीच निर्माण केलेली आहे. कलाकृती स्वायत्त असते, ती लेखकाच्या चरित्रापासून तोडून पाहावी, कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, हे आम्ही किती वर्षे शिकविले! मर्ढेकरांनी वाङ्मयीन आत्मनिष्ठेची चर्चा केली तीही लेखकाच्या खासगी खरेपणाची नव्हे, त्याच्या कलेतल्या निष्ठेची. ही भूमिका कवितेपुरती मला आजही मान्य आहे. जात्यावरची ओवी कोणी रचली हे ठाऊक नाही. तिचे काही उणे होत नाही. उद्या एखादी उत्तम कविता यंत्राने केली असे कळले, तर मी दचकेन. पण ती कविता म्हणून वाचण्याचा प्रयत्न करीन. पत्राला मात्र ही सवलत देता येत नाही. पत्रातला ‘मी’ हा पाठविणाराच असावा लागतो, नाहीतर सारे वाक्यच कोसळते. बिनसहीची ओवी हा लोकवाङ्मयाचा ठेवा होतो. बिनसहीचे पत्र हे निनावी पत्र होते आणि ते चौकीवर नेऊन द्यायचे असते.

एडमंड रोस्ताँच्या ‘सिरानो द बर्झराक’ या १८९७ च्या नाटकाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. सिरानो आपल्या देखण्या पण शब्दहीन सोबत्याच्या नावाने रोक्सानला प्रेमपत्रे लिहितो. ती भाळते त्या पत्रांवर. सही खोटी आणि भावना खरी, असा तो प्रकार आहे, आणि म्हणून त्यातून शोकांतिका उभी राहू शकते. यंत्राने पाठविलेल्या संदेशात याच्या बरोबर उलट घडते. सही खरी, आणि भावना कोणाचीच नाही. येथे शोकांतिकेला लागणारे माणूसच मध्ये नाही. मध्ये आहे ती एक गणना: आजवर माणसांनी जे लिहिले त्यावरून, या शब्दानंतर कोणता शब्द येणे संभवनीय आहे याची.

ही गणना कशी चालते याचा एक नमुना बोलका आहे. गूगलने २०१५ साली ईमेलला आपोआप छोटी उत्तरे सुचविणारी सोय काढली. तयार होत असताना ती एक चमत्कारिक गोष्ट करी; कसल्याही पत्राला ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे उत्तर सुचवी. कचेरीतल्या कामाच्या पत्रालाही! अभियंत्यांनी ते दुरुस्त केले. कारण साधे होते. ते वाक्य माणसे फार वेळा लिहितात. म्हणून, काय म्हणावे हे नक्की नसेल तेथे, यंत्राला ते बिनधोक वाटले. लोक यावर हसले. मला मात्र त्यात एक वाङ्मयीन सत्य दिसते. माणूस ते वाक्य धोका पत्करून लिहितो, आणि यंत्र ते धोका टाळण्यासाठी लिहिते. अक्षरे तीच.

कोणी म्हणेल, मग उघड सांगून टाकावे की हे यंत्राने लिहिले. म्हणजे फसवणूक उरणार नाही. म्हातारीच्या मुलाला तरी ठाऊक होतेच की पत्र मास्तरांच्या पोराने लिहिले आहे. हा युक्तिवाद मलाही काही काळ पटला होता. परंतु २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एक प्रकार घडला. मिशिगनच्या विद्यापीठात गोळीबार होऊन विद्यार्थी मरण पावले. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या एका विभागाने आपल्या विद्यार्थ्यांना सांत्वनाचे पत्र पाठविले, आणि तळाशी प्रामाणिकपणे नोंदविले की मजकुरासाठी चॅटजीपीटीचा आधार घेतला आहे. विद्यार्थी संतापले, विभागाला क्षमा मागावी लागली. लेखनिकाचे नाव उघड होते, लपवाछपवी नव्हती, तरी पत्र नासले. म्हणजे उघडपणा पुरेसा नाही. सांत्वनाच्या पत्रात वाचणारा शब्द शोधत नसतो. आपल्यासाठी कोणीतरी घटकाभर बसले होते एवढे तो शोधत असतो. तळटीपेने नेमके तेच नाकारले. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी आपोआप सुचविलेल्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही गंमत अशीच आहे. अशा उत्तरांनी संभाषण भरभर होते, शब्द अधिक गोड होतात; आणि समोरचा माणूस ती वापरतो आहे असा नुसता संशय आला, की त्याच्याविषयीचे मत उतरते. मग तो ती वापरत असो वा नसो.

हा संशय ही माझ्या दृष्टीने साधी बाब नाही. उद्या म्हातारीच्या मुलाने ‘गोधडी धुवू नये’ असे लिहिले, आणि वाचणाऱ्याच्या मनात आले, की हे यंत्राने तर सुचविले नसेल? चांगले वाक्य हेच यापुढे संशयाचे कारण होणार असेल, तर खरे लिहिणाऱ्याने काय करावे? मुद्दाम वाईट लिहावे?

या सोयीच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद असा करतात की, महत्त्वाची पत्रे तुम्ही लिहा, किरकोळ निरोप यंत्रावर सोपवा. निरोप आणि पत्र हा भेद जुना आहे आणि योग्य आहे. निरोप कोणीही न्यावा. ‘गाडी दोन तास उशिरा आहे’, ‘मिरचीचा भाव उतरला, पथारीवरचा माल अजून उचलू नका’, हे यंत्राने कळविले तर बिघडत नाही. पण किरकोळ म्हणजे काय, हे ठरविताना आपली मोठी गफलत होते. जी मोठी, समारंभी, लांबलचक पत्रे, ती तर शतकानुशतके ठराविक साच्यातलीच आहेत. लग्नाची पत्रिका, अभिनंदन, आभार यांत लिहिणाऱ्याचे स्वतःचे असे फार थोडे असते. तेथे यंत्र आले तर एक साचा जाऊन दुसरा आला. ज्याला आपण किरकोळ म्हणतो, तेथेच माणूस उभा असतो. मुलगा परगावी पोचल्यावर आईला ‘पोचलो’ असे कळवितो. यात माहिती किती? गाडी वेळेवर होती, अपघाताची बातमी नाही, म्हणजे तो पोचला हे तिला ठाऊकच असते. ‘जेवलास का?’ या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याला कधी हवे होते? संदेश जितका लहान आणि जितका निरर्थक, तितका तो पाठविणाऱ्याचा अधिक. फोन स्थानकाच्या ठिकाणावरून ओळखून आपोआप ‘पोचलो’ पाठवू लागला, तर ती माहिती अचूक असेल. आईला तिचा उपयोग काय?

यंत्र येथे पकडले जाते तेही अशाच बारीक जागी. मराठीत समोरच्याला तू म्हणावे, तुम्ही म्हणावे की आपण म्हणावे, यात सारे नाते असते. जुन्या घरांत आईला अरेतुरे आणि वडिलांना अहोजाहो, ही रीत. कोणाकडे उलटे, कोणाकडे दोघांना एकच. एखाद्या मित्राला आपण तीस वर्षे ‘अहो’ म्हणतो आणि एका भांडणात ‘अरे’वर येतो, मग कायमचे. हे कोठे लिहून ठेवलेले नसते. यंत्र बिचारे अदबीने ‘आपण’ म्हणते. माझ्या परिचयातल्या एका बाईंना मुलाचा निरोप आला, ‘आपली तब्येत कशी आहे?’ त्या म्हणाल्या, हा आजारी आहे किंवा रागावला आहे. दोन्ही नव्हते.

आता धोक्याविषयी थोडेसे. संदेश पाठविण्याचा अधिकार दिलेला साहाय्यक आलेले संदेशही वाचतो. आणि त्याला एक मोठी खोड आहे. वाचलेल्या मजकुरात कोणी आज्ञा दडवून ठेवली, तर ती धन्याचीच आज्ञा समजून तो तिचे पालन करू शकतो. तंत्रज्ञ यावर उपाय शोधीत आहेत. पुरता सापडलेला नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ कसे झाले याची आख्यायिका तेव्हापासून आपल्याकडे चालत आली. आनंदीबाईंनी ते अक्षर खरेच बदलले की नाही, हा इतिहासकारांचा प्रश्न. ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार मात्र भाषेने ठेवून घेतला. पत्र लिहिणारा आणि पत्र निघणे यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यात कोणाचा तरी हात शिरतो, एवढे आपल्या भाषेला अडीचशे वर्षे ठाऊक आहे. ती फट आपण होऊन रुंद करावी की काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

या जिल्ह्यातल्या टेंभली या गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. माणूस तोच आहे हे यंत्राने अंगठ्यावरून ओळखावे, याचा आरंभ आमच्याकडे झाला. अंगठ्याची मला तेव्हा त्या म्हातारीमुळे आठवण झाली होती. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा हे त्याचे मोर्तब असे. आणि आता लिहिता येणारे आपण सगळे फोनवर अंगठ्यानेच पाठवितो. शब्द यंत्राचे असोत, पण ते वाचून, गोधडी राहिली काय हे पाहून, अंगठा आपण लावला, तर ते पत्र आपले म्हणता येईल. अंगठाच काढून दिला, तर म्हणता येणार नाही. इतकेच मला म्हणायचे होते, आणि ते मी तटस्थपणे म्हटले असते. पण मला तो अधिकार नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने माझ्या फोनवर असा एक साहाय्यक बसवून दिला. ‘काका, एवढ्या शुभेच्छांना तुम्ही एकेक उत्तर कशाला लिहीत बसता? हा तुमचे जुने मेसेज वाचून अगदी तुमच्यासारखं लिहितो.’ मी होकार दिला. शंभराहून अधिक शुभेच्छा आल्या, तितकीच उत्तरे गेली. त्यांविषयी मला खेद नाही. पणत्यांची चित्रे इकडून तिकडे गेली, त्यात ना त्यांचे काही होते ना माझे.

त्यांत एक संदेश पुण्याहून होता. माझा एक मित्र कथालेखक आहे. २०१२ साली त्याच्या संग्रहावर मी परीक्षण लिहिले, आणि तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. त्या परीक्षणाचा रोख असा होता की, त्याच्या कथांतली सातपुड्यातली माणसे लेखकाने शिकविलेली वाक्ये बोलतात. जेथे ‘याहा’ ऐकू यायचे तेथे तो ‘मातोश्री’ ऐकवितो. तेरा वर्षांनी त्याने पणतीच्या चित्राखाली दोन शब्द लिहिले होते: ‘आठवण आली.’ माझ्या नावाने उत्तर गेले: ‘मलाही. मधल्या वर्षांत बोलायचे राहून गेले, आणि जे लिहिले त्याचा सल आहे.’

मी हे भाऊबीजेला पाहिले. तोवर त्याचे मोठे उत्तर येऊन पडले होते. पत्नीच्या दुखण्याविषयी, एकटेपणाविषयी, आणि शेवटी, तू हे म्हणालास, आता माझ्या मनात काही नाही, असे.

टीकाकार म्हणून त्या दोन वाक्यांत मला एक शब्द बदलावासा वाटला नाही. ‘सल’ हा माझाच शब्द आहे. माझ्या लेखांतून तो उचललेला आहे. बोलायचे राहून गेले, हे खरे होते. जे लिहिले त्याचा सल मात्र मला नव्हता, आणि आजही नाही. यंत्राने माझ्या स्नेहाबरोबर माझे मतही परत केले होते. त्याच दिवशी मी तसे कळवायला हवे होते. मी कळविले नाही. वर्षभर मी त्याला स्वतः लिहीत राहिलो, चांगले लिहीत राहिलो. पण प्रत्येक पत्र त्या दोन वाक्यांवर उभे होते, आणि हे त्याला ठाऊक नव्हते.

भाद्रपदात मी पोस्टात जाऊन आंतर्देशीय पत्र आणले. ते दोन ओळींचे उत्तर माझे नव्हते, असे लिहिले. त्याची आठवण मला तेरा वर्षे येत होती आणि ती माझीच होती, असे लिहिले. परीक्षणातला एकही शब्द मी मागे घेत नाही, हेही लिहिले. वहिनींची प्रकृती विचारली. मग सगळे मोठ्याने वाचून पाहिले आणि टाकले.

त्याचे उत्तर अजून आलेले नाही. हा अंक तो दरवर्षी घेतो.